टाइल्स निवडण्याआधी स्लॅब बघा

पत्र:

आमचा डोंबिवलीत तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके फ्लॅट आहे. इमारत १९९४ सालची, चार मजली, लिफ्ट नाही. संडास आणि बाथरूम शेजारी शेजारी पण वेगळे आहेत. खालच्या काकूंच्या बाथरूमच्या छताला ओल येऊन पोपडे पडतायत. त्या अजून तरी गोडीनं सांगतात. सासूबाई ७४ वर्षांच्या आहेत, गुडघ्यांमुळे त्यांना भारतीय पद्धतीचा संडास जमत नाही. ओटाही जुना झालाय. एक ठेकेदार म्हणतो, जुन्या टाइल्सवरच नव्या लावू, सगळं काम बारा दिवसांत देतो. यजमानांना संडास-बाथरूम एक करायचंय. मला ट्रॉल्या हव्यात, पण कडप्प्याच्या ओट्यात कराव्या की पूर्ण मॉड्युलर, ते कळत नाही. पैसे मोजकेच आहेत. कुठे खर्च करावा आणि कुठे हात आखडता घ्यावा?

उत्तर:

सुरुवात खालच्या काकूंच्या छतापासून करा. तिथलं पाणी कुठून येतंय हे कळेपर्यंत एकही टाइल विकत घेऊ नका आणि ठेकेदाराला आगाऊ रक्कमही देऊ नका.

हे शोधायला तोडफोड लागत नाही, आठ-दहा दिवसांचा धीर आणि काकूंची परवानगी लागते. त्यांच्या छतावर ओलीच्या कडेनं पेन्सिलीची रेघ मारून शेजारी तारीख लिहा. तुम्ही दोन दिवस गावाला गेलात आणि तरी ओल वाढत राहिली, तर भिंतीतला किंवा फरशीखालचा नळाचा पाइप गळतोय, कारण त्यात पाण्याचा दाब कायम असतो. सकाळच्या आंघोळी आणि कपडे धुणं झाल्यावर ओल गडद होत असेल, तर दोष नहाणी ट्रॅपमध्ये (जाळीखालच्या पाणी वाहून नेणाऱ्या भांड्यात) किंवा फरशीत आहे. या दोघांतला फरक काढायला नहाणीच्या जाळीत ओल्या फडक्याचा बोळा घट्ट बसवा आणि फरशीवर उंबऱ्याच्या खाली राहील एवढं पाणी साठवून ठेवा. पाणी साठलेलं असतानाच ओल वाढली तर फरशी किंवा फरशी-भिंतीचा सांधा, आणि बोळा काढून पाणी सोडल्यावर वाढली तर ट्रॅपचा जोड किंवा त्यापुढचा पाइप. एका चाचणीनंतर दुसरी करायला दोन-तीन दिवस मध्ये जाऊ द्या. फरशीखाली मुरलेलं पाणी सावकाश झिरपतं आणि घाई केली की निष्कर्ष चुकतो. ओल फक्त पावसाळ्यात आणि बाहेरच्या भिंतीलगतच येत असेल तर तो बाहेरच्या गिलाव्याचा दोष, आणि ते काम सोसायटीचं. तुमच्या नहाणीतून, नळातून, संडासातून होणारी गळती मात्र तुमच्या खर्चानं थांबवायची आहे.

त्याच वेळी काकूंच्या छताखाली वर नजर टाका. तुमच्या संडासाचे आणि नहाणीचे पाइप त्यांच्या छताखाली लोंबकळताना दिसत असतील तर तुमच्याकडे सनक (संडास-बाथरूमखालचा खोलगट स्लॅब) नाही, आणि कामाचा अर्धा भाग त्यांच्या घरातून करावा लागेल. पाइप दिसत नसतील तर तुमचा स्लॅब खोलगट आहे. त्या काळच्या इमारतींत हा सनक साधारण ९ ते १२ इंच खोल असतो, त्यात पाइप टाकून वर विटांच्या तुकड्यांचा कोबा भरलेला असतो. पुढचं सगळं सनक आहे असं धरून लिहितो.

टाइलवर टाइल

बाथरूममध्ये ही कल्पना सोडून द्या. गळती टाइलखाली आहे, वर नवा थर चढवल्यानं ती तिथेच राहते, फक्त पुढच्या वेळी दोन थर फोडावे लागतात. शिवाय टाइलची जाडी आणि ॲढेसिव्ह धरून जमीन १२ ते १५ मिलिमीटरनं वर येते. बाथरूमची जमीन बाहेरच्या पॅसेजपेक्षा अर्धा-पाऊण इंच खाली असावी लागते. ती पातळी गेली की पाणी बेडरूमकडे वळतं आणि दरवाजाही खालून तासावा लागतो.

स्वयंपाकघराच्या भिंतीवर मात्र टाइलवर टाइल चालू शकते. अट एकच: जुनी प्रत्येक टाइल नाण्यानं किंवा लाकडी दांड्यानं वाजवून बघायची. पोकळ आवाज देणाऱ्या टाइल्स काढून तिथे मॉर्टर भरायचं आणि बाकीचा चकचकीत पृष्ठभाग ग्राइंडरनं खरवडायचा. या भिंतीवर पैसे वाचतात, तिथे ते वाचवा.

फरशीखालचं काम

तुमच्या बजेटचा सर्वांत मोठा वाटा इथे जाऊ द्या. टाइल स्वस्तातली लावली तर काही बिघडत नाही, पाच वर्षांनी बदलता येते. स्लॅबवरचं वॉटरप्रूफिंग एकदाच करायची संधी मिळते.

आधी तोडकाम. ६ बाय ४ फुटांच्या बाथरूममध्ये ९ इंचांचा सनक म्हणजे १८ घनफूट भरण, वजन जवळजवळ एक टन. संडासाचं आणखी वेगळं. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरून ते पोत्यांनी खाली जाणार. राडारोडा उतरवणं आणि गाडीनं बाहेर नेणं कुणाच्या खर्चात, हे कोटेशनमध्ये लिहून घ्या. ते लिहिलेलं नसेल तर दोन गोष्टी होतात: एक तर मध्येच जादा पैशांची मागणी येते, नाहीतर काढलेलाच राडारोडा पुन्हा सनकमध्ये भरला जातो. ही दुसरी गोष्ट घातक आहे, कारण तो वर्षानुवर्षं पाणी प्यालेला आणि क्षार धरलेला असतो. तोडायला मोठा ब्रेकर वापरू देऊ नका. सनकचा स्लॅब चार-पाच इंचांचाच असतो, मोठ्या ब्रेकरच्या दणक्यानं त्याला नव्या भेगा जातात. वरचा कोबा छोट्या मशीननं आणि स्लॅबजवळचा शेवटचा थर छिन्नी-हातोड्यानं काढावा.

स्लॅब उघडा झाला की तो झाडून, धुऊन, वाळवून तुम्ही स्वतः बघा. कुठे सळई दिसत असेल तर तिचा गंज तारेच्या ब्रशनं काढून, गंजरोधक लेप देऊन, पॉलिमर मॉर्टरनं झाकायला हवी. सळया पातळ झाल्या असतील किंवा बराच भाग सुटत असेल तर काम थांबवून स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. पाइप भिंतीतून किंवा स्लॅबमधून आरपार जातो त्या भोवतीची जागा नॉन-श्रिंक ग्राउटनं भरायची, कारण साधं सिमेंट वाळताना आक्रसतं आणि पाइपाभोवती केसाएवढी फट सोडतं. जमीन आणि भिंत जिथे मिळतात त्या काटकोनात मॉर्टरचा दोन इंचांचा वाटा, म्हणजे गोलसर उतार, मारायचा. काटकोनात लेप नीट बसत नाही आणि पहिली चीर तिथेच पडते.

मग पॉलिमर-सिमेंटचा लेप, म्हणजे पावडर आणि द्रव एकत्र करून लावतात तो. दोन हात द्यायचे, पहिला आडवा, दुसरा उभा. कोपऱ्यांत आणि पाइपाभोवती मध्ये फायबरची जाळी दाबायची. लेप सनकच्या चारही कडांवर चढून तयार फरशीच्या वर किमान एक फूट जायला हवा, आणि शॉवरच्या भिंतीवर सहा-सात फूट. कामगार लेप पातळ करायला वरून पाणी ओततात, ते होऊ देऊ नका. सिमेंटमध्ये वॉटरप्रूफिंगची पावडर मिसळली म्हणजे वॉटरप्रूफिंग झालं, असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका.

लेप वाळल्यावर सनकमध्ये तीन-चार इंच पाणी भरून ४८ ते ७२ तास ठेवा. भिंतीवर पातळीची खूण करा आणि दिवसातून दोनदा काकूंकडे जाऊन छत बघा. वरची पातळी थोडी उन्हा-वाऱ्यानं उतरते, तेव्हा खरा निकाल खालच्या छतावरच मिळतो. इथे ओल दिसली तर दुरुस्तीला दोन दिवस लागतात. टाइल्स लागल्यावर दिसली तर सगळं पुन्हा. काकूंना या चाचणीत सोबत घ्या, नंतरचे बरेच वाद त्यानं टळतात.

चाचणी उत्तीर्ण झाल्यावर लेपावर इंचभर जाडीचा संरक्षक गिलावा, मग पाइप, मग भरण. भरणाला एएसी (हलक्या, सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकचे तुकडे किंवा नव्या विटांचा कोबा घ्या. एएसी हलकं पडतं, जुन्या स्लॅबवर तेच बरं. सनकच्या सर्वांत खोल कोपऱ्यातून डक्टमध्ये किंवा बाहेरच्या भिंतीतून एक इंची स्पाउट पाइप काढून ठेवायला सांगा. पुढे कधी आत पाणी मुरलंच तर ते त्यातून बाहेर ठिबकेल, काकूंच्या छतात साठणार नाही आणि तुम्हालाही वेळेत कळेल. भरणावर काँक्रीटचा पातळ थर, त्यातच नहाणीकडे ढाळ, त्यावर लेपाचा आणखी एक हात, आणि मग टाइल. ढाळ ५ फुटांत पाऊण इंच पुरतो. टाइल लावण्याआधी बादलीभर पाणी ओता. कुठे डबकं राहिलं तर तेव्हाच सुधारून घ्या.

आता बारा दिवसांचा हिशेब करू. तोडकामाला दोन-तीन दिवस, स्लॅब दुरुस्तीला दोन, लेप आणि तो पिकायला तीन-चार, पाण्याची चाचणी तीन, पाइपाला दोन, भरण आणि काँक्रीटला पाणी मारून घट्ट होऊ द्यायला चार-पाच, टाइल्सना चार-पाच, फिटिंगला दोन. हे बावीस ते सव्वीस दिवस होतात. बारा दिवसांत काम संपतं तेव्हा यातलं काहीतरी गाळलेलं असतं, आणि बहुतेक वेळा ती पाण्याची चाचणीच असते. संडास आणि बाथरूमचा सनक सलग असेल तर वॉटरप्रूफिंग एकदमच करावं लागेल. त्या काळात सासूबाईंची नातेवाइकांकडे सोय करा आणि तुमच्यासाठी शेजाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा.

पाइप आणि नळ

१९९४ च्या घरात लोखंडी जीआय पाइप असतील आणि आतून गंजून त्यांचं तोंड बोटाएवढंही उरलेलं नसेल. भिंत उघडी आहे तोवर सगळे बदला. गरम आणि गार दोन्हींना सीपीव्हीसी हे प्लास्टिकचे पाइप घ्या, मुख्य ओळ पाऊण इंची आणि नळापर्यंत अर्धा इंची. यूपीव्हीसी गरम पाण्याला चालत नाही. जिथे नळ फिरवून बसतो तिथे आत पितळी आटे असलेलीच फिटिंग हवी. प्लास्टिकचे आटे नळ दोनदा काढला-घातला की चिरतात, तेही भिंतीच्या आत. भिंतीत पाइपासाठी पाडलेल्या झिऱ्या बुजवण्याआधी सगळी तोंडं प्लगनं बंद करून हातपंपानं ५-६ किलो दाब द्यायला लावा. काटा दोन तास हलता कामा नये. मग प्रत्येक भिंतीला मोजपट्टी लावून फोटो काढा. पुढे आरसा किंवा गीझर टांगताना तोच फोटो ड्रिलला वाचवतो.

मोठा रेन शॉवर घेऊ नका. दहा मीटर उंचीच्या पाण्याला साधारण एक किलो दाब मिळतो. गच्चीवरची टाकी तुमच्या शॉवरपासून सहा-एक मीटर वर असेल, म्हणजे ०.६ किलो. तेवढ्यात रेन शॉवर नुसता ठिबकतो. भिंतीत लपणारा डायव्हर्टरही (पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा) विचार करून घ्या, चार इंची भिंतीत त्याच्यासाठी खोल खाच मारली की मागच्या बाजूचा गिलावा सुटतो. तुमच्या घराला भिंतीबाहेरचा साधा मिक्सर आणि हँड शॉवर योग्य.

संडास-बाथरूम एक करू नका

यजमानांना जागा मोठी दिसावी असं वाटतं, ते समजतं. पण घरात तुम्ही निदान तीन माणसं आणि पत्रावरून तरी दुसरी सोय दिसत नाही. सकाळी एक जण आंघोळीला गेला की बाकीचे अडकणार, आणि सासूबाईंना रात्री ओल्या फरशीवरून कमोडपर्यंत जावं लागणार. कोरडा संडास ही त्यांच्यासाठी मोठी सोय आहे. भिंत राहू द्या.

कमोड दुकानातून आणण्याआधी माप घ्या. एस ट्रॅपच्या कमोडमध्ये मागच्या भिंतीपासून जमिनीतल्या भोकाच्या मध्यापर्यंतचं अंतर ठरलेलं असतं, बाजारात ४, ९ आणि १२ इंचांचे मिळतात. पी ट्रॅपचा कमोड भिंतीतून सुटतो. माप टाइल लागल्यानंतरच्या भिंतीपासून धरायचं. टाइल आणि गिलावा मिळून पाऊण-एक इंच खातात आणि नेमका तेवढाच फरक पडून कमोड मागे बसत नाही. तुमच्याकडे भारतीय भांडं काढून पाइप नव्यानं टाकायचाच आहे, तेव्हा आधी कमोडचं मॉडेल ठरवा, मग प्लंबरला भोकाची जागा सांगा. सीटची उंची १७ ते १८ इंच हवी. सासूबाईंना बसवून, पाय जमिनीवर पूर्ण टेकतात ना ते बघून घ्या.

आधाराचा दांडा जमिनीपासून ३३ ते ३६ इंचांवर. त्याची जागा टाइल लावण्याआधी भिंतीवर आखा आणि तिथल्या विटेचे सांधे भरून घ्या. चार इंची भिंत असेल तर आरपार बोल्ट हवा. बसवल्यावर घरातल्या वजनदार माणसानं पूर्ण भार टाकून ओढून बघावा. नुसत्या टाइलमध्ये स्क्रूनं अडकवलेला दांडा नेमका तोल गेला त्या क्षणी हातात येतो, त्यापेक्षा दांडा नसलेला बरा. दरवाजा बाहेर उघडणारा आणि कडी बाहेरून सोडवता येईल अशी असावी. आत कुणी पडलं तर आत उघडणारा दरवाजा त्या माणसालाच अडतो.

जमिनीला मॅट, न घसरणारी, १ बाय १ फुटाचीच टाइल घ्या. दुकानात नमुन्यावर साबणाचं पाणी टाकून अनवाणी पाऊल ठेवून बघा, दुकानदार हरकत घेत नाहीत. २ बाय ४ फुटांच्या टाइलनं एवढ्याशा जागेत ढाळ साधत नाही. व्हिट्रिफाइड टाइल पाणी शोषत नाही, म्हणून ती सिमेंटच्या लगद्यावर धरत नाही आणि काही महिन्यांत पोकळ वाजते. तिला टाइल ॲढेसिव्हच लावा. तीन मिलिमीटर जाडीनं २० किलोच्या पोत्यात साधारण ४५ ते ५० चौरस फूट होतात. टाइलमध्ये दोन-तीन मिलिमीटर फट ठेवून जमिनीला इपॉक्सी ग्राउट भरा. ते तासाभरात पुसून काढावं लागतं, नाहीतर टाइलवर चिकट पांढुरका थर कायमचा बसतो. ६ बाय ४ च्या बाथरूमला सात फुटांपर्यंत भिंतीची टाइल दरवाजा वजा जाता सुमारे १२२ चौरस फूट, कापाकापीसाठी १० टक्के धरून १३५ घ्या. सगळ्या खोक्यांवरचा बॅच क्रमांक एकच आहे ना ते बघा आणि एक खोकं न उघडता जपून ठेवा.

गीझर १५ लिटरचा, दोन किलोवॅटचा. टाकीतलं पाणी पंचवीस अंशांवरून साठ अंशांपर्यंत तापायला त्याला साधारण अठरा मिनिटं लागतात. त्याला स्वतंत्र ४ चौ.मि.मी. तांब्याची वायर, १६ अँपिअरचा पॉइंट आणि बाथरूमच्या बाहेर डीपी, म्हणजे दोन्ही तारा तोडणारा, स्विच. मुख्य बोर्डात ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी नसेल तर याच कामात बसवा. ओल्या अंगानं शॉक लागला तर जीव वाचवणारं तेच उपकरण. गॅस गीझर बाथरूममध्ये कुठल्याही परिस्थितीत नको. बंद जागेत त्यातून कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो आणि माणूस गुपचूप बेशुद्ध पडतो.

ओटा

तुम्हाला माझा सल्ला कडप्प्याच्या सांगाड्यात ट्रॉल्या असा आहे. कडप्प्याला पाणी लागत नाही, वाळवी लागत नाही आणि दहा वर्षांनी फक्त दारं बदलता येतात. फॅक्टरीतल्या मॉड्युलरची दारं देखणी असतात, पण स्वस्तातल्या पॅकेजमध्ये आतला सांगाडा पार्टिकल बोर्डाचा असतो. सिंकखाली एकदा गळती झाली की तो फुगतो, स्क्रू सुटतात आणि दार लोंबतं. मॉड्युलरच करायचं ठरलं तर निदान सिंकखालचा खण कडप्प्याचा ठेवा आणि बाकीच्याला बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यालाही टिकणारा), म्हणजे आयएस ७१० चा प्लाय वापरा. आयएस ३०३ बीडब्ल्यूआर त्याच्या खालचा. त्याला उकळण्याच्या चाचणीत ८ तास टिकावं लागतं, ७१० ला ७२ तास. तोंडी ‘मरीन आहे’ यावर जाऊ नका. प्रत्येक शीटवर आयएसआयचं चिन्ह आणि परवाना क्रमांक छापलेला असतो, शीट कापण्याआधी त्याचा फोटो घ्या. दारांना आतून-बाहेरून दोन्हीकडून लॅमिनेट हवं, एकाच बाजूला लावलं की पावसाळ्यात पल्ला वाकतो.

कडप्प्यात ट्रॉल्या करताना हमखास होणारी चूक ही की गवंडी आधी खण बांधून मोकळा होतो आणि ट्रॉलीवाला नंतर येतो. खण वर २१ इंच आणि खाली साडेवीस भरला की ट्रॉली घासते. ट्रॉलीवाल्याला आधी बोलवून आतली मापं कागदावर घ्या, आणि गवंड्याला सांगा की उभे कडप्पे ओळंब्यात आणि मापं वर-मध्ये-खाली तिन्हीकडे सारखी हवीत, टाइल धरून. तळाशी चार इंच उंच, तीन इंच आत अशी पाय घालायची जागा सोडायला विसरू नका. ती नसेल तर माणूस ओट्यापासून लांब उभा राहतो आणि कंबर भरून येते.

उंची ठरवायला सरळ उभ्या राहून कोपर वाकवा, जमिनीपासून कोपरापर्यंत मोजा आणि त्यातून चार ते सहा इंच कमी करा. कोपर ३८ इंचांवर येत असेल तर ओटा ३२ ते ३४. शेगडी ओट्यावर ठेवायची असेल आणि पोळ्या उभ्यानं लाटत असाल तर ३२ च घ्या. शेगडीची चार-पाच इंच उंची आणि वर कढई आली की झारा धरलेला हात खांद्यापर्यंत उचलावा लागतो. ठेकेदाराच्या ठरावीक मापावर हे सोडू नका, रोज तुम्हालाच तिथे उभं राहायचंय.

वरचा दगड काळा ग्रॅनाइट, पुढच्या कडेखाली पाणी अडवणारी बारीक खाच पाडून. त्या खाचेमुळे ओट्यावरचं पाणी दारांवर ओघळत नाही. संगमरवर नको. कोकम, चिंच, लिंबू पडलं की त्याचा चकाकीचा थर खाऊन टाकतात आणि डाग जात नाही. सिंक एकच मोठं घ्या, २४ बाय १८ इंच आणि ९-१० इंच खोल, म्हणजे कढई आणि कुकर आडवे बसतात. स्टीलचा ३०४ हा दर्जा बिलावर लिहून घ्या. चुंबक लावून दाखवण्यावर विसंबू नका, हलक्या २०२ लाही चुंबक चिकटत नाही. ओट्याखालून बसवणार असाल तर खाली आधाराची पट्टी किंवा कडप्पा हवाच, नुसत्या सिलिकॉनवर भरलेलं सिंक टिकत नाही.

चिमणी घेतलीत तर सहा इंची पाइप, जास्तीत जास्त दोन वळणं आणि सरळ बाहेर. भोक कोअर कटरनं पाडा, पण बीममधून नाही. बिनपाइपाची चिमणी तेलाचा अंश गाळते, पण उष्णता आणि वाफ घरातच ठेवते. पैसे कमी पडत असतील तर चिमणी पुढच्या वर्षावर टाका आणि आता फक्त भोक आणि विजेचा पॉइंट करून ठेवा. चांगला एक्झॉस्ट पंखा तोवर काम भागवतो.

गॅसच्या बाबतीत काटकसर करू नका. पाइप गॅस असेल तर पाइप किंवा मीटर हलवायचं काम गॅस कंपनीकडे अर्ज करून त्यांच्याच माणसाकडून करून घ्या, प्लंबरला हात लावू देऊ नका. सिलिंडर कपाटात ठेवणार असाल तर दाराला खालच्या बाजूला मोठी भोकं हवीत, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असल्यानं तळाशी साठतो. पाइपातला नैसर्गिक वायू हलका असतो, त्याला वरची वाट लागते. सिलिंडरची नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीतून आरपार नको, आणि पाच वर्षांनी बदलायची.

विजेचे पॉइंट मोजताना फ्रिज, मिक्सर, पाण्याचा फिल्टर, मायक्रोवेव्ह, इंडक्शन, चिमणी असे नावानिशी मोजा आणि वर दोन जादा ठेवा. १६ अँपिअरच्या प्रत्येक पॉइंटला बोर्डापासून वेगळी वायर. सिंक आणि शेगडीच्या बरोबर वर एकही पॉइंट नको.

करार आणि पैसे

सोसायटीला लेखी अर्ज द्या, त्यात कामाचा कालावधी आणि सामायिक पाणी बंद ठेवायचे तास लिहा. ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये ‘बाथरूम वॉटरप्रूफिंगसह, एकरकमी’ असं असेल तर ते परत करा. लेपाचं नाव आणि किती हात, पाण्याची चाचणी किती तास, पाइपाचा प्रकार, प्लायचा दर्जा, राडारोडा, जीएसटी हे सगळं वेगवेगळ्या ओळींत हवं. ओट्याचा भाव रनिंग फुटावर दिला असेल तर त्यात ट्रॉल्या, बिजागऱ्या, हँडल आणि वरची कपाटं आहेत की नाहीत ते विचारा. दोन कोटेशनमध्ये मोठा फरक दिसतो तो बहुतेक वेळा इथला असतो.

पैसे कामाच्या टप्प्यांना बांधा: सुरुवातीला १५ टक्के, तोडकाम आणि स्लॅब दुरुस्तीनंतर २०, पाण्याची चाचणी काकूंच्या छतावर उत्तीर्ण झाल्यावर २५, टाइल्सनंतर २०, फिटिंगनंतर १०. उरलेले १० टक्के घर वापरायला लागल्यावर दोन महिन्यांनी, खालचं छत कोरडं आहे हे बघून द्यायचे. काकूंच्या छताचा रंग तुमच्याकडून करून देणार असाल तर तोही तेव्हाच, छत पूर्ण वाळल्यावर. आधी रंगवलंत तर आतली ओल नवा रंग फुगवेल आणि गळती थांबली की नाही हे कुणालाच कळणार नाही.